दोन जिवांचे एक हृदय

आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एक काकू येतात. वय पन्नाशीच्या पुढचे. हात कामाने रापलेले. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना विचारले, "तुम्हांला वाचायला कशासाठी शिकायचंय?" कोणी म्हणाली, एसटीची पाटी वाचायची आहे. कोणी म्हणाली, बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची आहे. काकू गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला कार्ड वाचायचंय. धाकटी सून दोन जिवांची आहे."

त्यांच्या मांडीवर तीन वर्षांचा एक मुलगा बसला होता. तो थोरल्या सुनेचा. थोरली सून आता नाही.

तिची हकीकत अशी. तीन वर्षांपूर्वी ती बाळंत झाली. मुलगा झाला. घरात आनंद झाला, पेढे वाटले. आठव्या दिवसापासून तिला दम लागू लागला. रात्री आडवे पडले की खोकला येई. मग ती भिंतीला टेकून, बसूनच रात्र काढी. पाय सुजले. शेजारणी म्हणाल्या, "वारं बाधलं असेल." घरच्यांनी शेगडी वाढवली आणि खोलीचे दार लावून घेतले. एका दवाखान्यात नेले. तिथे खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले. कोणी नाडी मोजली नाही. कोणी रक्तदाब पाहिला नाही.

त्याच आठवड्यात आमची एक कार्यकर्ती त्या घरी गेली होती. तीही म्हणाली, "बाळंतिणीला अशक्तपणा असायचाच. विश्रांती घ्या." हे आम्ही लपवत नाही. आम्हांलाही तेव्हा ठाऊक नव्हते. सोळाव्या दिवशी पहाटे ती गेली.

पुढे आम्ही ही हकीकत एका जाणत्या डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, "आता खात्रीनं सांगता येणार नाही. पण ही लक्षणं हृदयाच्या दुखण्याची आहेत. वेळेवर ओळखलं असतं, तर पुष्कळ करता आलं असतं."

वेळेवर ओळखणे! ते काम आपल्यालाही शिकता येते. म्हणून हा पाठ आम्ही लिहिला आहे. बायांनी तर तो वाचावाच. पण नवऱ्याने, सासऱ्याने, दिराने, भावानेही वाचावा. गाडी सांगायला धावतो तो पुरुषच, आणि पैसे काढून देतो तोही पुष्कळदा पुरुषच.

हृदय काय करते?

आपण म्हणतो, "काळीज धडधडतं." ती धडधड हृदयाची. हृदय छातीत, मधोमध पण जरा डावीकडे असते. आकार आपल्या मुठीएवढा. ते सारखे आवळते आणि सैल होते. आवळले की रक्त पुढे ढकलले जाते. मनगटाला बोटे लावून आपण जे ठोके मोजतो, ते त्याचेच. निरोगी माणसात मिनिटाला साधारण ७० ते ८० ठोके पडतात. म्हणजे एका दिवसात सुमारे एक लाख!

दर मिनिटाला हृदय सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. आता हिशेब करू या. एका तासात ३०० लिटर. एका दिवसात ७,२०० लिटर. वीस लिटरचा हंडा धरला, तर ३६० हंडे झाले. विहिरीवरून एका दिवसात ३६० हंडे कोणी आणील का? हृदय आणते, आणि एक दिवसही सुटी घेत नाही.

हृदयाला आत चार दारे असतात. त्यांना झडपा म्हणतात. दार उघडले की रक्त पुढे जाते. दार लागले की ते मागे येत नाही. दारे नीट उघडली, नीट लागली, तर सगळे ठीक चालते.

बाई गरोदर राहिली की काय होते?

पोटातल्या बाळाचे हृदय वेगळे असते आणि ते लवकरच धडधडू लागते. पण बाळाला अन्न व प्राणवायू पोचतो तो आईच्या रक्तातून. ते रक्त वारेपर्यंत पोचवते आईचे हृदय. म्हणजे काम दोन जिवांचे, आणि ओढणारे हृदय एकच.

यासाठी आईच्या अंगातले रक्त वाढते. पूर्वी जेवढे होते त्याच्या जवळजवळ दीडपट होते. हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-वीसने वाढतात. पाच लिटरच्या जागी मिनिटाला सुमारे सात लिटर रक्त ओढावे लागते. म्हणजे दिवसाला ३६० हंड्यांच्या जागी ५०० हंडे!

हा भार सातव्या-आठव्या महिन्यात फार वाढलेला असतो. याच वेळी आपण डोहाळजेवण करतो, ओटी भरतो. चांगली रीत आहे. त्याच आठवड्यात तिची तपासणीही करून आणली, तर रीत पुरी झाली असे आम्ही म्हणू.

बाळंतपणाच्या कळांत भार आणखी वाढतो. बाळ बाहेर आले की गर्भाशय आवळते आणि तिथले रक्त एकदम हृदयाकडे परत येते. म्हणून बाळंत झाल्यानंतरचा पहिला दिवस दुबळ्या हृदयाला मोठा धोक्याचा. लोक समजतात, बाळ झाले, सुटलो. पण हृदयाची कसोटी तेव्हा संपलेली नसते.

निरोगी हृदय हे सगळे सोसते. त्यासाठीच ते घडलेले आहे. पण हृदयात आधीच काही उणे असेल, किंवा गरोदरपणात नवे दुखणे उभे राहिले, तर ते थकते. अशी चार कारणे आपण पाहू.

पहिले कारण: लहानपणचा सांधेताप

मुलांचा घसा दुखतो, ताप येतो. पुष्कळदा तो आपोआप बरा होतो. पण एका जातीच्या जंतूमुळे घसा आला आणि त्यावर नीट औषध झाले नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधेताप होतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींत तो जास्त दिसतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा कोपर. सांधे पुढे बरे होतात. पण हृदयाच्या झडपांना जखम राहते. हळूहळू झडप जाड होते, आखडते. दार पुरे उघडत नाही.

मुलगी मोठी होते. शेतात राबते. थोडा दम लागतो, तिकडे कोणी लक्ष देत नाही. लग्न होते, दिवस जातात. आता दीडपट रक्त त्याच अरुंद दारातून जायचे असते. ते जात नाही. मागे फुप्फुसात तुंबते. मग दम लागतो, खोकला येतो, आडवे पडवत नाही. असे कितीतरी जणींचे दुखणे गरोदरपणातच पहिल्यांदा उघडकीला येते.

यावर उपाय आहेत. सांधेताप झालेल्या मुलाला पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते चुकवू नये. त्याने नवी जखम टळते. झडप अरुंद झाली असेल, तर मोठ्या इस्पितळात नळीतून फुगा घालून ती उघडता येते. जरूर पडली तर गरोदरपणातही हे करतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुलीला हृदयाचे दुखणे आहे हे माहेरची माणसे पुष्कळदा लपवतात. "लग्न मोडेल," म्हणतात. औषधाची चिठ्ठीसुद्धा फाडून टाकतात. मायबापहो, तुमची भीती आम्हांला कळते. पण लपवलेले दुखणे बाळंतपणाच्या खाटेवर उघडे पडते, आणि तेव्हा हातात वेळ नसतो. जावयाला नाही सांगितले तरी डॉक्टरला आणि नर्सबाईला तरी सांगा. आणि सासरच्यांनो, सुनेने दुखणे सांगितले तर तिला बोल लावू नका. तिने स्वतःचा आणि तुमच्या नातवंडाचा जीव वाचवायला ते सांगितले आहे.

ज्या बाईची झडप बदललेली आहे, तिने दिवस राहण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरला भेटावे. रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नये आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नये. डॉक्टर सांगतील तसे करावे.

दुसरे कारण: वाढलेला रक्तदाब

रक्त नळ्यांतून वाहताना नळीच्या भिंतीला रेटते. त्या रेट्याला रक्तदाब म्हणतात. तो दोन आकड्यांत लिहितात. जसे १२०/८०. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा, खालचा ते सैल होते तेव्हाचा.

गरोदर बाईचा वरचा आकडा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त झाला, तर तो धोक्याचा इशारा आहे. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला, तर घरी थांबायचेच नाही. त्याच घटकेला इस्पितळ गाठायचे.

पाच महिने उलटल्यावर हा त्रास सुरू होऊ शकतो. डोके सारखे दुखते. डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा काजवे चमकतात. पोटाच्या वरच्या भागात, बरगडीखाली दुखते. तोंड व हात सुजतात, बांगड्या घट्ट होतात. पुढे झटके येऊ शकतात. झटके आले की आमच्याकडे म्हणत, "अंगात आलं," "बाहेरची बाधा झाली." बाधा नव्हे, तो रक्तदाब! झटके थांबवण्याचे व टाळण्याचे चांगले इंजेक्शन आहे. त्याचे नाव मॅग्नेशियम सल्फेट. पण ते भगताकडे मिळत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. काही जणींचा रक्तदाब बाळंतपणानंतरच्या दिवसांत चढतो. आणि गरोदरपणात जिचा रक्तदाब वाढला होता, तिला पुढे वय झाल्यावर हृदयाचे दुखणे होण्याचा धोका इतर बायांहून सुमारे दुप्पट असतो. म्हणून बाळ मोठे झाले तरी तिने दर वर्षी रक्तदाब तपासून घ्यावा.

तिसरे कारण: रक्त कमी असणे

रक्तातला लाल भाग प्राणवायू वाहून नेतो. तो कमी पडला की हृदयाला तेच काम करायला जास्त खेपा घालाव्या लागतात. गाडीत माल थोडा मावला तर फेऱ्या वाढतात, तसेच हे. रक्त फारच कमी झाले, तर चांगले हृदयही थकून बसते.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत असे दिसले की आपल्या देशात शंभर गरोदर बायांपैकी ५२ जणींचे रक्त कमी आहे. म्हणजे दोघींपैकी एक! आपल्या आळीत चार गरोदर बाया असतील, तर दोघी अशा असतील.

रक्ताची तपासणी केली की एक आकडा सांगतात. गरोदर बाईचा तो ११ किंवा त्याहून जास्त असावा. ७ च्या खाली गेला, तर मोठ्या दवाखान्यातच उपचार हवेत.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गरोदरपणात रोज एक अशा १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. पुष्कळ बाया त्या फडताळात ठेवून देतात. म्हणतात, "शी काळी होते, मळमळतं." शी काळी होणे साहजिक आहे, त्याला भिऊ नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहाने तिचा गुण कमी होतो. लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. मळमळत असेल तर रात्री झोपताना घेऊन पाहा. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी, अळीव, आणि खात असाल तर मासे-मटण, हेही तिच्या ताटात पडू द्या. घरातल्या सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले तिने खायचे, ही रीत आता मोडली पाहिजे.

चौथे कारण: हृदयाचा स्नायूच दुबळा होणे

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात, किंवा बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत, काही थोड्या जणींच्या हृदयाचा स्नायू दुबळा होतो. आधी कसले दुखणे नसते. दम लागतो, पाय सुजतात, रात्री खोकला येतो. काकूंच्या थोरल्या सुनेची लक्षणे आठवा.

हे दुखणे फसवे आहे. थकवा, सूज, झोप नसणे हे सगळे बाळंतिणीला थोडेफार असतेच. म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. पण ओळखले तर औषधे आहेत, आणि उपचाराने पुष्कळ जणींचे हृदय सुधारते. अशा बाईने पुन्हा दिवस राहण्याआधी डॉक्टरला विचारल्याशिवाय राहू नये.

आपण बाळंतिणीला सव्वा महिना जपतो. हृदयासाठी पाच महिने लक्ष ठेवा.

साधा दम कोणता, धोक्याचा कोणता?

वर्गात एक सून म्हणाली, "दम तर मला रोज लागतो. मग रोज दवाखान्यात जाऊ का?" प्रश्न बरोबर आहे. पोट मोठे झाले की चढ चढताना, पाणी आणताना थोडा दम लागतो. बसले की तो थांबतो. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, सकाळी उतरतात. हे साधे.

पुढची लक्षणे मात्र धोक्याची:

१. बसल्या जागी, काम न करता दम लागणे.
२. उताणे झोपता न येणे. दोन-तीन उशा लागणे, किंवा बसून रात्र काढणे.
३. झोपेतून गुदमरून जागे होणे.
४. खोकला न थांबणे. त्यात गुलाबी फेस येणे.
५. छातीत दुखणे, फार धडधडणे, चक्कर येऊन पडणे.
६. तोंड व हात सुजणे. ओठ निळे पडणे.

आता आपण आकडे शिकलो आहोत, तर ते कामाला लावू. काट्याचे घड्याळ घ्या, किंवा मोबाईलवर वेळ लावा. बाईला स्वस्थ बसू द्या. तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, आपली दोन बोटे ठेवा. पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मग तिला न सांगता, छाती किती वेळा वरखाली होते ते एक मिनिट मोजा.

स्वस्थ बसलेल्या बाईची नाडी १२० किंवा जास्त, अथवा श्वास ३० किंवा जास्त भरले, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. ती गाडी फुकट येते. गाडी येईपर्यंत बाईला आडवे करू नका. पाठीला आधार देऊन बसवा. दार-खिडकी उघडा. शेगडी बाहेर काढा. आणि आकडा कमी भरला, पण वरचे एखादे लक्षण आहे, तरीही दवाखान्यात न्याच.

शिकलेला हात

दुखणे ओळखायला नुसते मोठे यंत्र लागत नाही. शिकलेले कान आणि शिकलेले हात लागतात.

डॉक्टर गळ्यात नळी घालतात ना, तिची गोष्ट ऐका. १८१६ साली पॅरिस शहरात लेनेक नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक तरुण बाई आली. तिला हृदयाचा त्रास होता. त्या काळी डॉक्टर छातीला कान लावून ऐकत. बाईच्या छातीला कान लावणे लेनेक यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक छातीवर ठेवले, दुसरे कानाला लावले. आणि ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले! तीच ही छातीची नळी. एका बाईच्या हृदयासाठी ती निघाली, आणि साऱ्या जगाच्या कामी आली.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. तेव्हा तो मुलूख दुष्काळी. डॉक्टर गावोगाव पुरे पडणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. त्यांनी गावांना सांगितले, तुमच्यातलीच एक बाई निवडा, आम्ही तिला शिकवतो. गावांनी बाया पाठवल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक जणी गावकुसाबाहेरच्या होत्या. त्या जामखेडला जाऊन शिकत, गावात परत येऊन लोकांना शिकवत. गरोदर बाईची काळजी, स्वच्छ बाळंतपण, मुलांचे खाणे, सगळे त्यांनी हाती घेतले. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांचा सल्ला गाव घेऊ लागले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे २००५ साली देशभर ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव आशाताई आल्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरकडून फुकट तपासणी होते. याचे फळ दिसते आहे. महाराष्ट्रात २००४ ते २००६ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८ ते २०२० या काळात तो आकडा ३३ वर आला.

मग आता उरले काय? रक्तस्रावाने आणि जंतुदोषाने होणारे मृत्यू जसे कमी होतात, तसे हृदयाचे दुखणे पुढे दिसू लागते. अमेरिका आणि इंग्लंड या देशांत ते मातांच्या मृत्यूचे एक मोठे कारण ठरले आहे. म्हणून आशाताईंना, नर्सबाईंना, दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही याचे शिक्षण पुन्हा पुन्हा मिळाले पाहिजे. त्यांना काय यायला हवे?

रक्तदाब बरोबर मोजता यावा. बाईला आधी पाच मिनिटे बसवावे. पोलक्याची घट्ट बाही दंडावरून सैल करावी. पट्टा हृदयाच्या उंचीवर असावा. आकडा मोजूनच लिहावा, अंदाजाने १२०/८० लिहू नये. नाडी पूर्ण मिनिट मोजावी. "बरी आहेस ना?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर "बरी आहे" असेच येते. "रात्री किती उशा लागतात? पाणी भरताना मध्ये थांबावं लागतं का? लहानपणी सांधे सुजले होते का?" असे विचारावे. आणि झटके आले, दम कोंडला, तर कोणी काय करायचे, याचा सराव आधीच करून ठेवावा. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

बाळंतपणानंतर आशाताई घरी येते. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवसांना येते. ती बाळाचे वजन घेते. सगळेच बाळाला पाहायला येतात! तिला म्हणा, "ताई, बाळाच्या आईलाही पाहा."

तीन उशीर

आई दगावते त्यामागे बहुधा तीन उशीर असतात. पहिला घरात: "उद्या बघू." दुसरा वाटेत: गाडी नाही, पैसे नाहीत. तिसरा दवाखान्यात: ओळखणारा माणूस नाही. पहिला आपण मोडायचा. दुसरा गावाने मिळून मोडायचा, म्हणून गाडीवाल्याचा नंबर आणि थोडे पैसे आठव्या महिन्यातच तयार ठेवा. तिसरा शिकलेल्या कामगारांनी मोडायचा. आपण त्यांना विचारले, तर तोही लवकर मोडतो.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. पोरगी माहेरी येते, आणि कार्ड सासरी फळीवर राहते! नव्या गावच्या नर्सला काहीच कळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचेही तसेच होते. कोयता सोबत जातो, कार्ड घरी राहते. बाई जाईल तिथे कार्ड गेले पाहिजे.

काकूंनी कार्ड वाचले

काकू चार महिन्यांत अक्षरे शिकल्या. कार्डावर आकडे इंग्रजी तऱ्हेचे असतात, तेही त्यांनी गिरवले. एके दिवशी धाकटी सून तपासून आली. काकूंनी कार्ड हातात घेतले, बोट ठेवून वाचले. एकशे अठ्ठेचाळीस. खाली शहाण्णव. त्या सुनेला म्हणाल्या, "बाईंनी काय सांगितलं?" सून म्हणाली, "गर्दी होती. काही नाही सांगितलं."

काकू त्याच पावली उपकेंद्रात गेल्या. नर्सबाईंपुढे कार्ड धरून म्हणाल्या, "बाई, हा आकडा नव्वदच्या वर आहे. माझी एक सून गेली आहे. ही मला घालवायची नाही." नर्सबाईंनी रागावल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी पुन्हा मोजले, आकडा तसाच आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. बाळंतपण मोठ्या इस्पितळात झाले. मुलगी झाली. बाळंतपणानंतरही काकू रोज सुनेची नाडी मोजत, आणि पाटीवर लिहून ठेवत.

आता काकू दुसऱ्या बायांना नाडी मोजायला शिकवतात. थोरलीचा मुलगा शेजारी बसतो आणि बोट मनगटावर ठेवून मोठ्याने म्हणतो, "एक, दोन, तीन…"

प्रश्न

१. गरोदरपणात हृदयाचे काम का वाढते?
२. रक्तदाबाचे कोणते आकडे धोक्याचे?
३. साधा दम आणि धोक्याचा दम यांत फरक काय?
४. बाळंतिणीवर किती महिने लक्ष ठेवावे?
५. तीन उशीर कोणते? तुमच्या गावात कोणता उशीर जास्त होतो?

करून पाहा

घरातल्या तिघांची नाडी एक मिनिट मोजा आणि वहीत लिहा. शेजारी गरोदर बाई असेल, तर तिचे कार्ड तिच्याबरोबर बसून वाचा. रात्री किती उशा लागतात, हे तिला विचारायला विसरू नका.